जुना कोळशावरचा वीजसंच बायोमासवर नेताना : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील परवानग्यांचा क्रम

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात आणि तळोज्यात स्वतःपुरती वाफ व वीज तयार करणारे कोळशावरचे जुने संच अजून चालू आहेत, आणि ते बायोमासवर, म्हणजे शेतीतील व तत्सम टाकाऊ जैव मालावर, नेण्याचे प्रस्ताव महिनोन्‌महिने अडकून पडतात. त्यामागची कारणे ठरलेली आहेत. अर्ज चुकीच्या क्रमाने जातात, प्रत्येक कार्यालयाला इंधनाचा वेगळा आकडा कळवला जातो, आणि "फक्त इंधन बदलतो आहोत, एक पत्र दिले की झाले" या समजुतीवर काम आधीच सुरू केले जाते. पुढील टप्पे १५ मेगावॅटपर्यंतच्या, कारखान्याच्या आवारातील संचासाठी लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण मागच्या टप्प्याचा कागद पुढच्या अर्जाला जोडावा लागतो.

## टप्पा १ : आज हातात काय मंजूर आहे ते पाहणे

कोणताही नवा अर्ज भरण्यापूर्वी जुन्या मंजुऱ्या एका फाइलमध्ये लावाव्यात : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालू संमतीपत्र, पर्यावरणीय पूर्वमंजुरी असल्यास तिची प्रत, बॉयलरचे नोंदणीपत्र आणि मूळ रेखाचित्रे, एमआयडीसीचा भाडेपट्टा, मंजूर नकाशे व बीसीसी (इमारत पूर्णत्वाचा दाखला), अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मंजूर केलेला आराखडा, आणि विद्युत निरीक्षकांची संच सुरू करण्याची परवानगी.

संमतीपत्रातील धुराड्यांचा तक्ता शब्दन्‌शब्द वाचावा. त्यात प्रत्येक धुराड्याची उंची, इंधनाचा प्रकार, रोजचे प्रमाण, गंधकाचे प्रमाण आणि प्रदूषण नियंत्रणाचे साधन लिहिलेले असते. जागेवरची स्थिती आणि हा तक्ता यांत फरक निघाला, उदाहरणार्थ कागदावर २० टनांचा बॉयलर आणि प्रत्यक्षात दुसरा बसवलेला, तर ती विसंगती प्रथम दुरुस्त करून घ्यावी. नव्या अर्जात ती दडून राहत नाही, कारण पाहणीसाठी येणारा क्षेत्र अधिकारी हाच तक्ता हातात घेऊन फिरतो.

तपासणी : संमतीपत्राची मुदत प्रकल्पाच्या अपेक्षित कालावधीपेक्षा आधी संपत असेल, तर नूतनीकरण आणि बदल यांचे नियोजन एकत्र करावे. मुदत संपलेल्या संमतीपत्रावर बदलाचा अर्ज पुढे सरकत नाही.

## टप्पा २ : इंधन ठरवणे आणि आकड्यांचे एकच पत्रक तयार करणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या प्रत्येक अर्जातील प्रत्येक आकडा येथूनच निघतो.

अर्जात नुसते "बायोमास" असे लिहू नये. भाताचा तूस, बगॅस (उसाचा चोथा), पऱ्हाटी, तुरकाठ्या, भुईमुगाची टरफले आणि त्यांपासून दाबून केलेल्या ब्रिकेट (इंधनाच्या कांड्या) यांचे उष्मांक, राख, ओलावा आणि घनता एकमेकांपासून फार वेगळी आहेत. बगॅस कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. तुसात राखेचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के असते आणि त्या राखेतील सिलिका नळ्या घासून काढते. शेतातील काड्यांमध्ये पोटॅश आणि क्लोरीन असल्यामुळे सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर) चिकट थर बसतो व गंज वाढतो. म्हणून ज्या पुरवठादाराकडून माल घ्यायचा आहे त्याच्याच मालाचे किमान दोन हंगामांतील नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. रंग, लॅमिनेट किंवा प्लायवूडचे तुकडे मिसळलेले टाकाऊ लाकूड बायोमास म्हणून दाखवू नये. ते जळताना निघणारा धूर वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्या मालाला मंजुरीही वेगळी लागते.

एक उदाहरण करून पाहू. समजा, बॉयलर ताशी २० टन वाफेचा आहे, दाब ४५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि वाफेचे तापमान ४४० अंश सेल्सिअस आहे. एक किलो वाफेसाठी सुमारे ६८५ किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते, म्हणजे ताशी १.३७ कोटी किलोकॅलरी. कोळशावर कार्यक्षमता ८० टक्के आणि उष्मांक किलोला ४,२०० किलोकॅलरी धरला, तर ताशी ४.१ टन कोळसा लागतो. ब्रिकेटवर कार्यक्षमता ७४ टक्के आणि उष्मांक ३,६०० धरला, तर ताशी ५.१ टन, म्हणजे दिवसाला सुमारे १२३ टन ब्रिकेट लागतात. हाच बॉयलर सुट्या तुसावर चालवला, तर ३,१०० उष्मांकाने दिवसाला सुमारे १४३ टन तूस लागतो.

आता जागेचा हिशेब करावा. ब्रिकेटच्या ढिगाची घनता घनमीटरला सुमारे ६०० किलो असते, त्यामुळे सात दिवसांचा साठा १,४४० घनमीटर होतो. सुट्या तुसाची घनता घनमीटरला १०० किलोच्या आसपास असते, म्हणून एका दिवसाच्या तुसालाच १,४३० घनमीटर जागा लागते. ब्रिकेटचा आठवड्याचा साठा आणि तुसाचा एका दिवसाचा साठा जवळजवळ सारखीच जागा व्यापतात. कोळशाच्या जुन्या यार्डात तूस मावेल असे गृहीत धरणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर एकदा तरी मांडावा. तुसाची राखही रोज २५ टनांच्या पुढे जाऊ शकते, आणि ती कोण उचलणार हे अर्जात लिहावे लागते.

पावसाळ्याचा विचार याच टप्प्यावर करावा. वाडा, शहापूर, मुरबाड, कर्जत या बाजूंच्या भात गिरण्यांचा तूस कापणीनंतर भरपूर मिळतो, पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे उघड्यावर ठेवलेला माल टिकत नाही. भिजलेला माल ढिगात आतून तापतो आणि धुमसतो. म्हणून छपराखालील साठवण किती हवी ते आत्ताच ठरवावे, कारण पाचव्या टप्प्यातील नकाशे त्यावरच उभे राहतात.

हे सर्व आकडे एका पानावर आणावेत : बॉयलरची क्षमता, मुख्य इंधन व पर्यायी इंधन, प्रत्येकाचे ताशी व दैनिक प्रमाण, उष्मांक, गंधक, राख, साठ्याचे दिवस, साठ्याची जागा, रोजचे ट्रक, पाण्याचा वापर. त्या पानावर तारीख घालून प्रकल्पप्रमुखाची सही घ्यावी. सल्लागार, बॉयलर दुरुस्ती करणारी कंपनी, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या सर्वांना तेच पान द्यावे.

इशारा : मी पाहिलेल्या एका प्रकल्पात प्रदूषण मंडळाच्या अर्जात दिवसाला ९० टन, अग्निशमन आराखड्यात ६० टन आणि बॉयलरच्या हिशेबात १२० टन बायोमास लिहिलेला होता. तिन्ही अर्ज वेगवेगळ्या सल्लागारांनी प्रामाणिकपणे भरले होते. पाहणीच्या वेळी हा फरक लक्षात आला आणि तिन्ही अर्ज परत गेले. पहिल्या आठवड्यात एक पान तयार केले असते, तर त्या माणसांचे सहा महिने वाया गेले नसते.

## टप्पा ३ : पर्यावरणीय पूर्वमंजुरी लागते का, हे लेखी ठरवणे

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत औष्णिक वीज प्रकल्पांची नोंद १(ड) क्रमांकाखाली आहे. मुख्य इंधन बायोमास असलेले आणि कोळसा, लिग्नाइट किंवा पेट्रोलियम पदार्थ सहाय्यक इंधन म्हणून १५ टक्क्यांपर्यंत वापरणारे, १५ मेगावॅटपर्यंतचे संच त्या नोंदीखालील पूर्वमंजुरीतून वगळलेले आहेत. या सवलतीच्या दोन अटी वाचकांच्या नजरेतून सुटतात.

पहिली अट १५ टक्क्यांची आहे. "कोळसा / बायोमास" अशी तिरकी रेघ देऊन दोन्ही इंधने पूर्ण प्रमाणात मागितली की ही सवलत हातची जाते, आणि मंडळही प्रदूषणाचा भार कोळशाचाच धरते. बायोमास न मिळाल्यास काय, ही भीती रास्त आहे. तिचे उत्तर साठा आणि दुसरा पुरवठादार यांत शोधावे.

दुसरी अट कारखान्याच्या स्वतःच्या मंजुरीशी जोडलेली आहे. रासायनिक कारखान्याला पूर्वी पूर्वमंजुरी मिळाली असेल आणि त्या पत्रात बॉयलर, इंधन किंवा राखेचा उल्लेख असेल, तर वीजसंच सवलतीत बसत असला तरी त्या मूळ मंजुरीत दुरुस्ती घ्यावी लागते. हा अर्ज परिवेश या पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी संकेतस्थळावरून जातो.

खाडीच्या बाजूच्या भूखंडांनी आणखी एक पाहणी करावी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, त्याभोवतीचे पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र २०२१ मध्ये अधिसूचित झाले, आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या रेषा व कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा यांची बंधने स्वतंत्रपणे लागू होतात. साठ्याचे नवे छप्पर भूखंडाच्या खाडीकडील कोपऱ्यात येत असेल, तर मंजूर नकाशावर या रेषा काढून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तपासणी : "पूर्वमंजुरी लागत नाही" हा निष्कर्ष तोंडी ठेवू नये. अधिसूचनेतील नोंद, तिच्या आजवरच्या दुरुस्त्या आणि आपले आकडे मांडून एक पानी टिपण तयार करावे आणि ते चौथ्या टप्प्यातील अर्जाला जोडावे.

## टप्पा ४ : प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उभारणीचे संमतीपत्र

जल अधिनियम, १९७४ आणि वायू अधिनियम, १९८१ यांखालील हे संमतीपत्र, ज्याला सगळे कन्सेंट टू एस्टॅब्लिश म्हणतात, हाती येण्यापूर्वी जुन्या संचाला हात लावू नये. भट्टीची जाळी काढणे, पायाचे खोदकाम करणे, छपराचे खांब उभारणे हे सर्व उभारणीच्या कामात मोडते.

अर्जासोबत दुसऱ्या टप्प्याचे पान, इंधनाचे प्रयोगशाळा अहवाल, पुरवठ्याचे करार किंवा हमीपत्रे, प्रक्रियेचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद, राखेच्या विल्हेवाटीची व्यवस्था आणि सनदी लेखापालाचे भांडवली गुंतवणुकीचे प्रमाणपत्र द्यावे. संमतीशुल्क एकूण भांडवली गुंतवणुकीवर ठरते. घसारा वजा करून आकडा देणे ही नेहमी होणारी चूक आहे, आणि त्यामुळे शुल्काची फरकाची रक्कम भरेपर्यंत अर्ज थांबतो.

धुराचा भाग दोन हिशेबांनी मांडावा. धुराड्याची उंची ठरवण्यासाठी, सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन ताशी किलोत मोजून त्या आकड्याचा ०.३ घात घेतात आणि त्याला १४ ने गुणतात. उत्तर मीटरमध्ये येते आणि किमान उंची ३० मीटर धरतात. वरच्या उदाहरणात ०.५ टक्के गंधकाच्या कोळशावर ताशी सुमारे ४१ किलो सल्फर डायऑक्साइड निघतो आणि धुराडे ४३ मीटरचे लागते. ०.१ टक्के गंधकाच्या ब्रिकेटवर ताशी १० किलोच्या आसपास वायू निघतो, उत्तर २८ मीटर येते आणि किमान ३० मीटरची अट लागू होते. म्हणजे कोळशासाठी नियमाप्रमाणे बांधलेले जुने धुराडे बहुधा पुरते. नवे धुराडे प्रस्तावित करण्यापूर्वी हा हिशेब करावा, कारण नव्या उंचीमुळे पाचव्या टप्प्यात आणखी एक परवानगी वाढते.

धूलिकणांच्या बाबतीत मात्र उलट काळजी लागते. जुना ईएसपी (धुरातील राख विजेच्या भाराने पकडणारे यंत्र) कोळशाच्या राखेसाठी आखलेला असतो. बायोमासची राख अधिक बारीक व हलकी असते, तिच्यात न जळलेला कार्बन असतो आणि तिचा विद्युतरोध वेगळा असतो. "सध्याचा ईएसपी पुरेसा आहे" एवढे वाक्य लिहून भागत नाही. उत्पादकाकडून नव्या धुराच्या प्रमाणावर व राखेवर आधारित हिशेब घ्यावा. बॅग फिल्टर (धूर कापडी पिशव्यांतून गाळणारे यंत्र) लावायचा असेल, तर त्याआधी ठिणग्या अडवणारा सायक्लोन दाखवावा, नाहीतर पिशव्या जळतात. ताशी १५ टन आणि त्यावरील वाफेच्या बॉयलरना धूलिकणांची सर्वसाधारण मर्यादा १५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर आहे. मंडळ आपल्या संमतीपत्रात ती अधिक कडक करू शकते, त्यामुळे यंत्रणा मागवताना थोडी सूट राखावी. दिघा, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे येथे वस्ती कारखान्यांच्या भिंतीला लागून आहे, आणि तेथील मुलांच्या फुफ्फुसांत काय जाते ते या एका यंत्रावर ठरते.

इशारा : संमतीपत्र आल्यावर त्यातील इंधनाचे नाव व प्रमाण त्याच दिवशी ताडून पाहावे. "ब्रिकेट" मागितले असताना "लाकूड" असे छापून आल्यास दुरुस्ती लगेच मागावी. संचालनाच्या अर्जाच्या वेळी ती फार जड जाते.

## टप्पा ५ : एमआयडीसी, अग्निशमन आणि उंचीचा दाखला

औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसी आहे. साठ्याचे छप्पर, कन्व्हेयरची मार्गिका, राखेचा सायलो आणि वजनकाटा नकाशावर दाखवून मंजुरी घ्यावी. जुन्या भूखंडांत चटईक्षेत्र शिल्लक असले, तरी बाजूची मोकळी अंतरे बहुधा आधीच वापरलेली असतात. त्या अंतरावर "तात्पुरते" छप्पर टाकून बायोमास ठेवणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे, आणि अग्निशमन बंबाचा रस्ता नेमका तेथेच अडतो.

तात्पुरता अग्निशमन दाखला एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडून घ्यावा. आराखड्यात ढिगांची उंची, दोन ढिगांतील अंतर, हायड्रंट, पाण्याची टाकी, ढिगातील तापमान मोजण्याची पद्धत, कन्व्हेयरवरील फवारे आणि धुळीच्या ठिकाणची वीजजोडणी दाखवावी. उदाहरणातील १,४४० घनमीटर ब्रिकेट तीन मीटर उंचीने रचल्या, तर नुसत्या ढिगांना ४८० चौरस मीटर लागतात. मधले रस्ते धरून मी त्याच्या दुप्पट जागा गृहीत धरतो.

धुराड्याची उंची वाढत असेल किंवा नवे धुराडे येत असेल, तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत विभाग नकाशावर आपला भूखंड कोणत्या पट्ट्यात येतो ते पाहावे. उलव्याचा नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ या दोन्हींच्या दृष्टीने ही पाहणी करावी. गरज असल्यास प्राधिकरणाच्या नोकास या उंचीच्या ना-हरकत दाखल्याच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करावा, आणि त्यासाठी भूखंडाचे अक्षांश-रेखांश व समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक मोजून घ्यावी.

बदललेल्या मांडणीचे नकाशे याच सुमारास औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही द्यावेत.

## टप्पा ६ : बाष्पके संचालनालय

१९२३ च्या जुन्या कायद्याची जागा आता बॉयलर्स अधिनियम, २०२५ ने घेतली आहे, परंतु मूळ नियम बदललेला नाही : नोंदणीकृत बॉयलरच्या रचनेत कोणताही बदल संचालनालयाच्या लेखी मंजुरीशिवाय करता येत नाही. भट्टीचा आकार, जाळीचा प्रकार, पाण्याच्या भिंतींच्या नळ्या, सुपरहीटर किंवा इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेने पाणी तापवणारा भाग) यांपैकी काहीही बदलले, तर रेखाचित्रे व मजबुतीचे हिशेब आधी मंजूर करून घ्यावे लागतात.

जुन्या बॉयलरची उरलेली आयुर्मर्यादा रेखाचित्रे करण्यापूर्वी तपासावी. २५ वर्षे पूर्ण झालेल्या बॉयलरचे भाग, आणि ४०० अंश सेल्सिअस व त्याहून अधिक तापमानावर चालणारे भाग एक लाख तास पूर्ण झाल्यावर, विनाविध्वंस चाचण्यांतून जावे लागतात. ड्रम किंवा हेडर त्यात नापास झाले, तर रूपांतराचा हिशेबच बदलतो, आणि ते संमतीशुल्क भरल्यानंतर कळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात कळलेले बरे. म्हणून अर्जाचा क्रम सहावा असला, तरी ही चाचणी दुसऱ्या टप्प्याबरोबरच करून घ्यावी.

वेल्डिंगचे काम मान्यताप्राप्त दुरुस्ती संस्थेकडून आणि प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्यावे. नळ्यांच्या मालाची प्रमाणपत्रे काम सुरू होण्यापूर्वी फाइलला लावावीत. काम संपल्यावर निरीक्षकांसमोर जलदाब चाचणी होते आणि त्यानंतर वाफेची.

तपासणी : बायोमासवर बॉयलरची वाफेची क्षमता घटली असेल, तर घटलेला आकडाच सर्वत्र लिहावा.

## टप्पा ७ : विद्युत बाजू

टर्बाइन व जनित्र तेच राहिले, तरी मोठा आयडी पंखा (धूर ओढून धुराड्यात सोडणारा), कन्व्हेयर, चिपर (माल बारीक तोडणारे यंत्र) यांसाठी नवी उच्चदाब जोडणी किंवा रोहित्र येत असल्यास विद्युत निरीक्षकांकडून आराखडा मंजूर करून घ्यावा आणि सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. संच महावितरणच्या जाळ्याशी समांतर चालत असेल, तर बदललेली निर्मितीक्षमता त्यांनाही कळवावी. वीज फक्त स्वतःच्या आवारात वापरणाऱ्यांचे काम येथे संपते.

वीज दुसऱ्या भूखंडावरील आपल्या कारखान्याला न्यायची असेल, तर खुल्या प्रवेशाचा (दुसऱ्याच्या वीजवाहिन्यांतून वीज नेण्याचा) अर्ज आणि ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राशी समन्वय लागतो. भागीदारीतील संचाने स्वयंवापराच्या दोन कसोट्या आधीच तपासाव्यात : वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि त्यांचा वार्षिक वापर निर्मितीच्या किमान ५१ टक्के. निर्मिती अक्षय ऊर्जा म्हणून गणली जावी अशी इच्छा असल्यास नोंदणीची चौकशी महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे करावी.

## टप्पा ८ : तोडकाम

जुन्या संचाच्या वाफनळ्यांवरील आवरणात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते हातोड्याने फोडून भंगारात टाकणे कामगारांच्या जिवावर बेतणारे आहे आणि बेकायदेशीरही आहे. टाकाऊ ॲस्बेस्टॉस व वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडतात, म्हणून त्यांचे प्रमाण चौथ्या टप्प्यातील अर्जातच दाखवून प्राधिकारपत्रात घ्यावे आणि अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच वाहतुकीच्या पावतीसह पाठवावे. कोळशाच्या यार्डातील उरलेला चुरा व राख नवे इंधन येण्यापूर्वी उचलून जागा धुऊन घ्यावी, आणि धुतलेले पाणी पावसाच्या गटारात जाऊ देऊ नये.

## टप्पा ९ : संचालनाचे संमतीपत्र आणि पहिली चाचणी

या अर्जाला उभारणीच्या संमतीपत्रातील प्रत्येक अटीपुढे केलेली पूर्तता, बॉयलरचे नवे प्रमाणपत्र, एमआयडीसीची बीसीसी, अंतिम अग्निशमन दाखला, विद्युत निरीक्षकांची परवानगी आणि प्रत्यक्ष खर्चाचे लेखापालाचे प्रमाणपत्र जोडावे. बँक हमी मागितली असल्यास तिची मुदत संमतीपत्राच्या मुदतीशी जुळवून घ्यावी. ऑनलाइन मोजणी यंत्राची अट असेल, तर त्याची जोडणी मंडळाच्या सर्व्हरला झाल्याचा पुरावा द्यावा.

धुराड्याची पहिली नमुना तपासणी बॉयलर पूर्ण भारावर असताना करावी. अर्ध्या भारावर घेतलेला चांगला आकडा पुढच्या पाहणीत टिकत नाही. तपासणीच्या दिवशी जाळलेल्या इंधनाचा ओलावा, वजनकाट्याची नोंद आणि वाफेचा प्रवाह त्याच कागदावर लिहून ठेवावा.

त्या दिवसापासून इंधनाची नोंदवही सुरू करावी : ट्रकचा क्रमांक, मालाचा प्रकार, वजन, ओलावा, आणि महिन्याअखेरीस सहाय्यक इंधनाची टक्केवारी. १५ टक्क्यांच्या अटीचा एकमेव पुरावा हीच वही असते. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत भरायचे असते, आणि त्यांतील आकडेही याच वहीतून घ्यावेत.